वर्षाच्या हिशेबात झोप आणि फुरसतही धरा

६ डिसेंबरला आमच्यातल्या तिघांनी कंपनीला खोटे कळवले. "ताप आहे, आज काम जमणार नाही," एवढाच निरोप. ताप कुणालाच नव्हता. पहाटेच्या गाडीने दादरला जाऊन चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहायचे होते. महापरिनिर्वाण दिनासाठी रजा हवी असे लिहिले की कुणीतरी "हा कुठला सण?" असे विचारणार, मग आडनावाची चौकशी, मग ते नेहमीचे हसू. ते टाळायला तापाचा सोपा रस्ता धरला. म्हणजे ज्या दिवशी बाबासाहेबांपुढे हात जोडून पंचशील म्हणायचे, त्याच सकाळी चौथे शील मोडून आम्ही घरातून निघालो.

परतताना गाडीत वर्षाच्या गोष्टी निघाल्या. या तिघांतल्याच एकाला सप्टेंबरात डेंगी झाला होता. अंगात १०२ ताप, डोळ्यांमागे ठणका, आणि तरी त्या आठवड्यात त्याने एकही रजा टाकली नव्हती. नव्या सॉफ्टवेअरची तारीख जवळ आली होती, म्हणून गोधडीत बसून, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप ठेवून त्याने काम रेटले. खऱ्या तापात कामावर आणि खोट्या तापात रजेवर! आधी आम्ही हसलो. मग बराच वेळ कुणी बोलले नाही.

आम्ही म्हणजे पुण्यातल्या वस्त्यांतली सात जणे. कुणी येरवड्याचे, कुणी दापोडीचे, कुणी ताडीवाला रोडचे. एक मैत्रीण मूळची चंद्रपूरकडची, इथे खोली घेऊन राहते. सगळी सॉफ्टवेअरच्या कामावर, हिंजवडी, खराडी, मगरपट्टा अशा भागांत. रविवारी विहारात वंदनेला भेटतो. या आरोग्याच्या पानावर एरवी डॉक्टर लिहितात. आम्ही डॉक्टर नाही. पण वर्ष सरताना पगारवाढ किती, हप्ते किती फिटले याचा हिशेब प्रत्येक घरात होतो. त्या हिशेबात आमच्या शरीराचे काय झाले, ही ओळ कुणीच लिहीत नाही. ती लिहावी म्हणून हा लेख.

बसून मिळणारा पगार

वस्तीत आमच्या कामाला 'बसून पगार' म्हणतात. त्यात टोमणा कमी आणि अभिमान जास्त असतो, हे आम्हाला कळते. आमच्यातल्या कुणाचे वडील महापालिकेत झाडूवर, कुणाचे बिगारी, कुणाची आई चार घरची धुणीभांडी करणारी. आमच्या वाट्याला अंगमेहनत येऊ नये म्हणूनच त्यांनी आम्हाला शिकवले. त्यामुळे पाठ दुखते असे घरात बोलायची लाज वाटते. "दिवसभर खुर्चीत बसून पाठ कशी दुखते रे?" असे आईने विचारले, तर उत्तर काय द्यायचे? तिचे स्वतःचे गुडघे तर केव्हाच गेलेले असतात.

पण दुखते हे खरे आहे. दहा-बारा तास एकाच जागी बसल्याने मान आणि कंबर आखडते. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्यावर येते, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. डोके दिवसभर दुसऱ्याच्या चुका शोधण्यात गुंतलेले, त्यामुळे अंथरुणावर पडल्यावरही ते थांबत नाही.

हिवाळ्यात यात भर पडते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळे एक तास मागे घेतात. आपल्याकडे काहीच बदलत नाही, पण तिकडच्या लोकांबरोबरचा रात्री साडेआठचा कॉल साडेनऊला जातो आणि साडेनऊचा साडेदहाला. मार्चपर्यंत हेच चालते. डिसेंबरच्या शेवटी तिकडे नाताळच्या सुट्ट्या असतात. त्यांच्या सुट्टीत यंत्रणा बंद पडू नये म्हणून इकडे कुणीतरी फोन उशाशी घेऊन झोपायचे असते.

घर दहा बाय बाराचे. कॉल सुरू झाला की टीव्ही बंद, कुकर बंद, धाकटी भावंडे पुस्तके घेऊन शेजारी. आमच्यातल्या एकाच्या वडिलांना दमा आहे. मुलाचा कॉल लागला की ते कानटोपी घालून, मफलर गुंडाळून गल्लीच्या तोंडाशी शेकोटीपाशी जाऊन बसायचे. "मला बाहेरच बरं वाटतं," असे सांगायचे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा दमा उसळला आणि रात्री दवाखान्यात न्यावे लागले. तेव्हा मुलाला कळले की आपल्या 'बसून' मिळणाऱ्या पगारासाठी वडील रोज दोन तास थंडीत आणि धुरात बसत होते. एका माणसाच्या कामाच्या वेळा बिघडल्या की अख्ख्या घराचे आरोग्य बिघडते, ते असे.

भीतीने वाढलेले तास

कुणी म्हणेल, मग जास्त वेळ काम करता कशाला? वेळ झाली की उठा.

उठता येत नाही, याची कारणे आहेत. पहिले म्हणजे नोकरी जाण्याची धास्ती. कंपन्या माणसे कमी करतात आणि त्याची खबर सकाळच्या एका मेलने मिळते. आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, आमचे काम यंत्रच करणार, असे रोज ऐकू येते. वरच्या जातीतल्या सहकाऱ्याची नोकरी गेली तर त्याच्या मागे घर असते, गावी जमीन असते, ओळखीचा काका दुसऱ्या कंपनीत असतो. आमच्या मागे आमच्याच पगारावर उभे असलेले घर असते. पहिल्या पिढीच्या पगाराला विसावा नसतो.

दुसरे कारण बोलायला कठीण आहे. खासगी कंपनीत आरक्षण नाही. तरीही आडनाव कळले की "कोट्यातून का?" असा सूर लागतो. मग आपण कमी नाही हे दाखवायला दुप्पट काम करायचे, हे आम्ही न सांगता शिकलो. दुसऱ्याने नाकारलेली रात्रपाळी घ्यायची. सुट्टीच्या दिवशी मदत मागितली तर नाही म्हणायचे नाही. व्हिडिओ कॉलवर मागची भिंत पुसट करून ठेवायची, कारण त्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब आहेत. अशी सावधगिरी दिवसभर बाळगण्याचा शीण तपासणीच्या कागदावर दिसत नाही, पण तो शरीरातच साठतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त असतो, असे त्यात आढळले. आम्ही सात जणांनी नोव्हेंबरच्या एका आठवड्याचे तास मोजून पाहिले. चौघांचे ५५ च्या वर गेले.

त्या चौघांतला एक ३१ वर्षांचा आहे. विहारात ज्येष्ठांसाठी तपासणी शिबिर होते, तेव्हा तो दाराशी लॅपटॉप घेऊन नावे नोंदवत होता. गर्दी ओसरल्यावर डॉक्टर म्हणाले, "ये, तुझाही बीपी बघू." १६० वर १०० निघाला. त्या दिवशी आलेल्या बऱ्याच आजी-आजोबांपेक्षा जास्त. डॉक्टरांनी सांगितले, एका वेळच्या आकड्यावर आजार ठरवायचा नाही, आठवडाभर मोजून ये. मोजले. आकडा १४० वर ९० च्या खाली एकदाही आला नाही. त्याला कसलाही त्रास जाणवत नव्हता. रक्तदाबाचे असेच असते, तो बहुधा सांगून येत नाही. आज त्याची गोळी सुरू आहे, लोणचे-पापड-फरसाण बंद आहे, आणि आम्ही बाकीच्यांनी दुसऱ्याच दिवशी आपापले आकडे मोजून घेतले.

थंडीत काय सांभाळायचे

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्तदाब वाढतो. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात हिवाळ्यात जास्त दिसतात. बीपीची गोळी चालू असलेल्यांनी या दिवसांत ती चुकवू नये. पहाटेच्या थंडीत एकदम बाहेर पडू नये, कान-छाती झाकून घ्यावी. झाडूच्या कामावर पहाटे निघणाऱ्या आपल्या माणसांना तर हे आवर्जून सांगायला हवे.

थंडीत तहान लागत नाही, म्हणून पाणी कमी जाते. आमच्या वातानुकूलित कचेऱ्यांत ते आणखी कमी होते. आमची चंद्रपूरकडची मैत्रीण सिकलसेलची रुग्ण आहे. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात हा आजार बराच आढळतो. थंडी, कमी पाणी, जागरण आणि ताण, या सगळ्यांनी सिकलसेलच्या वेदना उसळतात. मागच्या हिवाळ्यात कचेरीत एसीखाली बसून तिचे हातपाय इतके दुखायला लागले की उभे राहता येईना. वरिष्ठाला वाटले, कामाची तारीख चुकवायचे निमित्त आहे. तिने आजार लपवला होता. समजले तर लग्नही अडेल आणि बढतीही, ही भीती. यंदा तिने लेखी कळवले. सिकलसेल आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येतो, हे तिने शोधून काढले. आता तिची जागा एसीपासून लांब आहे, टेबलावर पाण्याची मोठी बाटली आहे आणि रात्रपाळी बंद झाली आहे. ज्यांची मुळे विदर्भात आहेत त्यांनी लग्नाआधी सिकलसेलची रक्ततपासणी जरूर करावी. शासकीय रुग्णालयात ती होते. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. यात लाजण्यासारखे काही नाही. हा रक्तातला दोष आहे, कुणाच्या कर्माचे फळ नाही.

शेकोटीबद्दल दोन शब्द. हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळ धूर वर न जाता जमिनीलगत साचून राहतो. त्यात टायर, प्लास्टिक, थर्माकोल जाळले की विषारी धूर गल्लीभर पसरतो आणि लहान मुले, म्हातारी माणसे, दम्याचे रोगी यांना तो सर्वांत आधी बाधतो. शेकायचे तर सुके लाकूड वापरा आणि दम्याच्या माणसाला लांब बसवा. पेटती शेगडी किंवा निखारे घेऊन दार-खिडकी बंद करून तर कधीच झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना वास ना रंग. झोपलेला माणूस झोपेतच जातो. लहान न्हाणीघरातल्या गॅस गिझरचेही तेच.

उन्हाचेही बघा. आम्ही अंधारात परततो आणि दिवसभर काचेआड बसतो. वस्तीच्या अरुंद बोळांत ऊन उतरत नाही, त्यामुळे घरात राहणाऱ्या बायकांनाही ते मिळत नाही. ड जीवनसत्त्वासाठी अगदी सकाळचे कोवळे ऊन फारसे उपयोगी पडत नाही. आपली सावली आपल्या उंचीएवढी किंवा त्याहून आखूड पडते तेव्हाचे ऊन लागते. हिवाळ्यात ती वेळ दुपारी बाराच्या आसपास येते. म्हणून आम्ही डबा खाल्ल्यावर बाह्या वर करून वीस-तीस मिनिटे उन्हात चालतो. घरच्यांनी गच्चीवर किंवा विहाराच्या पटांगणात बसावे. याला पैसे पडत नाहीत.

यंत्र आले, फुरसत गेली कुठे?

आता मूळ मुद्दा. आरोग्याचे हे सगळे नियम पाळायला वेळ लागतो. झोपायला वेळ, चालायला वेळ, रांधून खायला वेळ. आपल्याकडे फुरसत हा शब्द आळसासारखा वापरतात. "तुला फुरसत आहे का?" म्हणजे "तू रिकामटेकडा आहेस का?"

बाबासाहेबांनी फुरसतीकडे असे पाहिले नाही. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा जाब विचारणाऱ्या आपल्या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली आहे. माणसाला पशूच्या पातळीवरून वर यायचे असेल, मन आणि बुद्धी वाढवायची असेल, तर त्याला फुरसत पाहिजे, आणि यंत्रामुळेच ती सामान्य माणसाला मिळू शकते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. ज्या समाजाच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या फक्त राबणे आले, त्या समाजाच्या नेत्याने हे लिहिले याला अर्थ आहे. मजूरमंत्री असताना त्यांनी नुसते लिहिले नाही. १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. ते विधेयक बाबासाहेबांनी मांडले होते. पुढे संविधानाच्या ४३ व्या कलमात कामगारांना निर्वाहवेतनासोबत फुरसत आणि सामाजिक-सांस्कृतिक संधी मिळाव्यात हे राज्याचे ध्येय म्हणून नोंदले गेले. फुरसत संविधानात आहे, बंधु-भगिनींनो!

आज जगातले सर्वांत हुशार यंत्र आमच्या मांडीवर आहे. त्याने आमचे तास कमी व्हायला हवे होते. उलट ते घरात शिरले, अंथरुणात शिरले, विहारातही खिशात वाजते. पूर्वी गिरणीचा भोंगा झाला की पाळी संपायची. आमच्या कामाला भोंगाच नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्याकडे जयंतीला आणि ६ डिसेंबरला '१८ तास अभ्यास' असा उपक्रम होतो. एक दिवस आदरांजली म्हणून तो चांगलाच आहे. आमच्यातले बरेच जण त्यात बसलेले आहेत. पण त्याचे वर्षभराचे माप करून मुलांना "बाबासाहेब १८ तास अभ्यास करायचे, तुला झोप कशी येते?" असे बोलणे बरोबर नाही. बाबासाहेबांना शेवटच्या वर्षांत मधुमेह होता, पाय साथ देत नव्हते, नजर अधू झाली होती. अशा शरीराने ते ग्रंथ लिहीत राहिले. आपल्यासाठी त्यांनी तेवढे सोसले, आणि आपल्या वाट्याला माणसाचे जगणे यावे म्हणून कायदे केले. त्यांच्या नावाने झोप मोडणे हा त्यांचा आदर नव्हे. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप लागते आणि किशोरवयातल्या मुलांना आठ ते दहा.

छंद म्हणजे चोचले नव्हेत

बाबासाहेबांना छंद होते, हे आपण मुलांना फारसे सांगत नाही. त्यांना कुत्री पाळायची हौस होती, दिल्लीच्या बंगल्यात ते बागेत रमत, आणि उतारवयात ते व्हायोलिन शिकले. मंत्रिपद, संविधान, हिंदू कोड बिल, धम्मक्रांतीची तयारी, एवढ्या व्यापात या माणसाने तारा जुळवायला वेळ काढला.

तारांवरून भिक्खू सोणाची गोष्ट आठवते. साधनेच्या हट्टापायी सोण इतका चंक्रमण करीत राहिला की त्याच्या पायांतून रक्त आले आणि तो सारे सोडून घरी जायच्या विचारात पडला. भगवंतांनी त्याला विचारले, तू वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर सूर लागायचा का? फार सैल सोडल्या तर? दोन्ही वेळा नाही, असे सोण म्हणाला. तसेच प्रयत्नांचेही असते, असे तथागतांनी त्याला समजावले. मध्यम मार्ग ही नुसती प्रवचनाची गोष्ट नाही, ती शरीर टिकवायचीही रीत आहे.

आमचे छंद नोकरी लागल्यावर एकेक करून सुटले. एक जण भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचा. ढोलकी तीन वर्षे कपाटावर होती, पान सैल पडले होते. एक मैत्रीण चित्रे काढायची. दोघांचे टेनिस बॉलचे क्रिकेट सुटले. त्या जागी शनिवार-रविवारी ऑनलाइन कोर्स आले, कारण नवे शिकला नाहीत तर मागे पडाल, असा धाक असतो. शिकणे आम्हाला प्यारे आहे. पण परीक्षेसाठी, सर्टिफिकेटसाठी, नोकरी टिकवण्यासाठी जे शिकायचे ते कामच झाले. ते छंदाच्या खात्यावर मांडू नये.

यंदा वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालले, त्याला आम्ही आळीपाळीने बसलो. ते संपल्यावर रविवारची भेट तशीच चालू ठेवायचे ठरले. आता वंदनेनंतर नदीकाठाने तासभर चालणे, मग ज्याला जे आवडते ते. ढोलकीला नवे पान लागले. चित्रांच्या मैत्रिणीने विहारातल्या पोरांना रंग दिले आणि स्वतःही बसली. दोन महिन्यांत चमत्कार झाला नाही. पण ज्याला गोळी सुरू आहे त्याचा बीपी आटोक्यात आहे, आणि ज्या दोघांना रात्री तीनपर्यंत झोप येत नसे ते रविवारी तरी बारापूर्वी झोपतात.

आईची फुरसत

वाचणाऱ्या एखाद्या आईच्या मनात येईल, "आम्हाला कुठं फुरसत होती? आमचं कुणी विचारलं?" हा प्रश्न आम्ही टाळणार नाही. थंडीत पहाटे गार पाण्यात हात घालून भांडी घासणारी आई, तिच्या हाताच्या भेगा, तिची साडेचार तासांची झोप, यापुढे आमची मानदुखी लहानच आहे. पण म्हणून ती सोसायची, असे उत्तर निघत नाही. तिलाही फुरसत हवी, असेच उत्तर निघते. फुरसत मागायची तर सर्वांसाठी.

आमच्यातल्या मुलींनी आम्हा मुलग्यांना हे सुनावले. कचेरीत तास सारखेच. पण घरी आल्यावर मुलगा कॉलची वाट बघत आडवा होतो आणि मुलगी भाकऱ्या थापते. तिचे दिवसाचे तास मोजले तर १५ होतात. सावित्रीमाईंची जयंती ३ जानेवारीला हार घालून साजरी करायची आणि घरात बहिणीच्या ताटाखालचे पाणीही पुसायचे नाही, हे शोभत नाही. आम्ही चौघांनी आपापल्या घरी एक वेळचे जेवण आणि भांडी अंगावर घेतली आहेत. भाकरी अजून गोल होत नाही, पण आई त्या वेळेत पाय पसरून बसते.

समाजाच्या कामाचेही तसेच. लॅपटॉप येतो म्हणून जयंतीचा बॅनर, विहाराचा जमाखर्च, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळे एकाच मुलाच्या गळ्यात पडते. हे काम आम्ही आनंदाने करतो, ते आमचे देणे आहे. फक्त ते चार जणांत वाटा, आणि कॉलेजातल्या पोरांना शिकवून घ्या.

घरोघरी एवढे करा

१. या महिन्यात घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाचा बीपी आणि शुगर महापालिकेच्या दवाखान्यात तपासून घ्या. कमरेचा घेरही मोजा. पुरुषांचा ९० आणि बायकांचा ८० सेंटीमीटरच्या वर असेल तर मधुमेहाचा धोका वाढतो.

२. रात्रपाळी करणाऱ्याची दिवसाची झोप रात्रीइतकीच मोलाची समजा. खिडकीला जाड काळा कपडा लावा, सहा-सात तास त्याला उठवू नका.

३. पडद्यावर काम करणाऱ्याने दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे आणि तासातून एकदा उठून चालावे. आठवड्याला एकूण १५० मिनिटे भरभर चालणे व्हायला हवे.

४. रात्रीच्या मागवलेल्या खाण्याऐवजी हंगामातले खा. बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, मेथी, ओला हरभरा, पेरू, आवळा या दिवसांत स्वस्त असतात.

५. डेंगी किंवा कोणत्याही तापात काम करू नका, करू देऊ नका. ताप उतरल्यावर पोट दुखणे, सतत उलट्या, रक्तस्राव असे काही दिसले तर लगेच रुग्णालय गाठा.

६. मन बसत नसेल, झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल तर १४४१६ या शासनाच्या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते. वेडा ठरवतील म्हणून गप्प राहू नका.

७. १ जानेवारीला भीमा कोरेगावला निघताना औषधाची पाकिटे, पाणी आणि गरम कपडे पिशवीत ठेवा. म्हाताऱ्या माणसांना पहाटेच्या गर्दीत उपाशीपोटी उभे करू नका.

आमच्यापुरते म्हणाल तर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आहेत. आजारी असताना खरी रजा घ्यायची. आणि पुढच्या ६ डिसेंबरला अर्जात ताप लिहायचा नाही, महापरिनिर्वाण दिन लिहायचा. कुणी "हा कुठला सण?" विचारले तर सण नाही हे सांगायचे, आणि ज्या माणसाने कामाचे तास कमी केले त्याला वंदन करायला जातो आहोत असेही सांगायचे. एकट्याने लिहायला भीती वाटते. सातही जणे त्याच दिवशी, आपापल्या कंपनीत, तेच कारण लिहिणार आहोत.

जय भीम! नमो बुद्धाय!